शतपावली, साखर आणि मोडलेली झोप

मधुमेह असलेल्या अनेकांना सलग झोप अशी मिळतच नाही. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती पूर्णपणे परत शोषून घेता येत नाही. ती लघवीतून बाहेर पडताना पाणीही ओढून नेते, आणि म्हणून रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. कोणाच्या तळपायांची आग होते, तर कोणाचा श्वास घोरता घोरता मध्येच अडतो. या मोडलेल्या झोपेची किंमत पुन्हा साखरेलाच मोजावी लागते, ही गोष्ट मात्र रुग्णांशी फारशी बोलली जात नाही. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार-चार तास अंथरुणावर राहू दिले, तेव्हा तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता घटली.

व्यायामाचे महत्त्व आहे ते येथे. टाइप २ मधुमेहात इन्शुलिन असूनही पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. परंतु चालताना पायांचे स्नायू आकुंचन पावू लागले की ग्लुकोज आत घेणारी ग्लुट-४ ही प्रथिने इन्शुलिनच्या निरोपाची वाट न पाहता पेशींच्या पृष्ठभागावर येतात. व्यायाम थांबल्यावरही स्नायू सुमारे एक-दोन दिवस इन्शुलिनला अधिक चांगली दाद देतात, आणि म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. श्वास अडण्याच्या विकारातही फरक पडतो: मधुमेह आणि हा विकार दोन्ही असलेल्या २६४ जणांच्या अमेरिकेतील अभ्यासात, आहार आणि व्यायामाने वर्षभरात सरासरी जवळजवळ ११ किलो वजन घटवणाऱ्या गटात झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण कमी झाले. झोप सुधारली की दिवसाची मरगळ आणि चिडचिडही ओसरू लागते. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, हे लक्षात घेता हा लाभ मला साखरेच्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

व्यायाम केव्हा करावा, यावर न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचा २०१६चा अभ्यास आपल्याला जवळचा वाटेल. त्यात टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांना कधी दिवसातून एकदा ३० मिनिटे, तर कधी प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालण्यास सांगितले होते. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपली शतपावली ती हीच, फक्त शंभर पावलांवर न थांबता हजारेक पावलांपर्यंत नेलेली. रात्री उशिरा भात-पोळी जेवून लगेच आडवे होणाऱ्या घरांत ही दहा मिनिटे आवर्जून काढावीत.

मात्र इन्शुलिन किंवा शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यायलाच हवी. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम झाला, तर साखर काही तासांनी, ऐन झोपेत, घसरू शकते. घामाने भिजून जाग येणे, भीतिदायक स्वप्ने पडणे आणि सकाळी डोके दुखणे ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी झोपेची गोळी मागण्याआधी, झोपताना आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास ग्लुकोमीटरवर साखर मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत, म्हणजे औषधाची मात्रा बदलायची की व्यायामाची वेळ, हे त्यांना ठरवता येते.