सड्यावरचे दवबिंदू आणि विलायती कुंडी

चवथीच्या आधी आठ-पंधरा दिवस गोव्यातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गुडघे टेकून बसलं, की जांभ्यातून पाणी झिरपतं तिथं रुपयाच्या नाण्याएवढी तांबूस चकती सापडते. ही ड्रॉसेरा बर्मानाय, दवबिंदू म्हणतात त्या कीटकभक्षी झाडांपैकी एक. जवळपासच कुठंतरी सडपातळ, दोऱ्यासारख्या पानांची ड्रॉसेरा इंडिका, म्हणजे गवती दवबिंदू, उभी असते. दोघींच्या पानांवर केसागणिक एकेक चिकट थेंब. चिलट टेकलं की सुटत नाही. निळी-जांभळी सीतेची आसवंही तिथंच फुललेली, तीही कीटकभक्षीच, पण त्यांचे शिकार पकडणारे फुगे मातीत दडलेले.

इंडिका हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसनं १७५३ मध्ये दिलं. या कुळाकडे जगाचं लक्ष मात्र खऱ्या अर्थानं वळवलं ते डार्विननं. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या ससेक्सच्या माळावर त्याला गोल पानांचा दवबिंदू दिसला आणि पुढं तो त्या पानांना मांस, अंड्यातलं पांढरं, काय काय भरवत बसला. कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १८७५ मध्ये आलं. तरी खाण्याचा झाडाला उपयोग काय, ही शंका उरलीच. ती फिटली त्याच्या मुलामुळे. फ्रान्सिसनं निम्म्या रोपांना भाजलेल्या मांसाचे कण दिले, निम्म्यांना उपाशी ठेवलं, आणि १८७८ मध्ये निष्कर्ष छापला: पोसलेल्या रोपांना फुलांचे दांडे जास्त आले, बी तर कितीतरी जास्त धरलं. मला बापाच्या प्रयोगांहून लेकाचा हा प्रयोग मोठा वाटतो.

आपल्याकडं दालगादो यांचा गोवा आणि सावंतवाडीच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १८९८ चा. पुढं गोवा विद्यापीठात शिकवलेले जनार्दनम यांनी हेन्री यांच्यासोबत भारतातल्या सीतेच्या आसवांवर १९९२ मध्ये पुस्तक काढलं.

लागवडीची कृती मात्र थंड मुलखातून आली: पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती), काचघर, खत अजिबात नाही, पाणी पावसाचं. यातलं खत आणि पाणी इथंही खरंच आहे, कारण सड्याच्या मातीत नत्र नाममात्र. पण ससेक्सचं झाड हिवाळ्यात कळी मिटून झोपतं आणि वसंतात उठतं. आपली इंडिका वर्षायू. पाऊस सरला की बी टाकून मोकळी. हे न कळल्यानं मी दोन वर्षं जानेवारीत वाळलेल्या रोपांना नळाचं पाणी घालत राहिलो. क्षार साचून कुंडी पांढरी पडली, एवढंच.

आता वाचवायच्या भानगडीत पडत नाही. बर्मानायचा दांडा विंचवाच्या नांगीसारखा उलगडतो, पांढरं फूल सकाळी उघडतं, ऊन तापलं की मिटतं. बोंड तपकिरी झालं की कागदावर झटकायचं. शाईच्या धुळीसारखं काळं बी पडतं. पुडी फडताळात ठेवतो, वर लिहितो: जून.