वाइडमधून मल्टिबाइट, पण कोणत्या?

सी भाषेतलं ‘डब्ल्यूसीएस-टू-एमबीएस’ हे फंक्शन वाइड कॅरेक्टरांची (प्रत्येकी ठरावीक रुंदीच्या अक्षरांची) स्ट्रिंग मल्टिबाइटमध्ये, म्हणजे एका अक्षराला एक किंवा अनेक बाइट लागणाऱ्या रूपात, बदलतं. ते तीनच गोष्टी मागतं: कुठे लिहायचं, कुठून वाचायचं आणि जास्तीत जास्त किती बाइट. कोणत्या एन्कोडिंगमध्ये (कोणत्या अक्षराला कोणते बाइट, या पद्धतीत) लिहायचं, हे सांगायला जागाच नाही. माझ्या मते या फंक्शनची सगळी कटकट त्या नसलेल्या चौथ्या आर्ग्युमेंटची आहे.

१९८९ च्या सी स्टँडर्डपासून हे असंच चाललंय. तेव्हा अडचण होती ती शिफ्ट-जेआयएससारख्या जपानी एन्कोडिंगची. ते दरवेळी सांगायचं कशाला, लोकेल (प्रोग्रॅमची भाषा-प्रदेशाची सेटिंग) ठरवेल, असा हिशोब झाला. ‘वाइड’ म्हणजे किती रुंद, हेही कंपायलरवर सोडलं. १९९५ च्या दुरुस्तीत, रूपांतर कुठवर आलंय ती स्थिती लक्षात ठेवणारी फंक्शनं आली, लोकेलला मात्र हात लागला नाही.

दरम्यान १९९१ मध्ये सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं सोळा बिटांचं युनिकोड आलं. १९९३ च्या विंडोज एनटीनं वाइड कॅरेक्टर २ बाइटांचं धरलं, लिनक्सवर ते ४ बाइटांचं झालं. ‘मराठी’ हा शब्द घ्या. म, र, काना, ठ, वेलांटी असे ५ कोड पॉइंट (युनिकोडमधले क्रमांक). वाइड रूपात विंडोजवर १० बाइट, लिनक्सवर २०, आणि यूटीएफ-८ या युनिकोडच्या मल्टिबाइट एन्कोडिंगमध्ये दोन्हीकडे १५. शेवटचा नल (स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाइट) धरून १६ चा बफर हवा. १५ चाच दिला तर फंक्शन निमूट १५ परत करतं, नल लिहीतच नाही, आणि प्रिंट करताना शेजारच्या मेमरीतला कचराही बाहेर येऊ शकतो.

खरा वाद लोकेलचा. मशीनची भाषा काहीही असो, प्रत्येक प्रोग्रॅम ‘सी’ नावाच्या किमान लोकेलमध्येच जागा होतो. सेटलोकेल या लोकेल बदलणाऱ्या फंक्शनला रिकामी स्ट्रिंग (म्हणजे ‘मशीनचाच लोकेल लाव’) दिली नाही तर लिनक्सवर ‘म’पाशीच, चूक झाल्याची खूण म्हणून, उणे एक येतं. तेही उणे आकडे न ठेवणाऱ्या अनसाइन्ड टाइपमध्ये, म्हणजे ६४ बिटी मशीनवर १८४४६७४४०७३७०९५५१६१५. ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ ही तपासणी तिथे कधीच लागू होत नाही. बरं, सेटलोकेल सगळ्या प्रोसेसला लागू. एका थ्रेडला (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाला) स्ट्रिंग बदलायची म्हणून सगळा लोकेल जर्मन केला, तर दुसऱ्याच्या दशांश चिन्हाचा स्वल्पविराम होतो. लायब्ररी लिहिणाऱ्यानं करायचं काय?

विंडोजवर तर सेटलोकेल करूनही आपली सोय नव्हती. जपानीला ९३२, रशियनला १२५१ अशी जुनी कोड पेजं (विंडोजनं क्रमांक दिलेली एन्कोडिंगं) होती. मराठी-हिंदीच्या लोकेलला तसं कोड पेज मिळालंच नाही. इस्की हे १९९१ चं भारतीय मानक, पण तेही त्या जागी बसलं नाही. यूटीएफ-८ लावावं, तर रनटाइमला (विंडोजवरच्या सी फंक्शनांच्या लायब्ररीला) एका अक्षराला २ बाइटांपलीकडचं चालत नसे आणि देवनागरी मागते ३. म्हणून विंडोजचं स्वतःचं ‘वाइड-कॅर-टू-मल्टिबाइट’ वापरायचं. त्याचं पहिलंच आर्ग्युमेंट कोड पेजचं, तिथे ६५००१ लिहिलं की यूटीएफ-८. रनटाइमनं यूटीएफ-८ लोकेल स्वीकारला तो २०१८ मध्ये, विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून. विंडोजवर स्टँडर्ड फंक्शन मराठीला उपयोगी पडायला १९८९ पासून एकोणतीस वर्षं लागली.

सी ११ या पुढच्या स्टँडर्डनं १६ आणि ३२ बिटांचे वेगळे टाइप दिले, सी २३ नं यूटीएफ-८ साठी ८ बिटांचा. त्यांना मल्टिबाइटमध्ये उतरवणारी नवी फंक्शनंही एन्कोडिंग लोकेललाच विचारतात.