‘आमचा मूळ पुरुष राजा होता’: कागद, पिढ्या आणि डीएनए

चांदवडकडे होळकरांची, मालेगाव तालुक्यात गायकवाडांची, सिन्नरच्या बाजूला थेट देवगिरीच्या यादवांची. नाशिक जिल्ह्यात कुठेही जा, राजघराण्याशी नातं सांगणारी कहाणी काही घरांत ऐकायला मिळतेच. ऐकणारा एकतर लगेच मान डोलावतो, नाहीतर उडवून लावतो. खरं तर अशी कहाणी बऱ्यापैकी काटेकोरपणे तपासता येते.

सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून करावी. भाऊबंदकीतल्या थोरल्या आणि धाकट्या पातीकडून कहाणी वेगवेगळी ऐकून घ्यायची आणि त्यांच्याच शब्दांत उतरवायची. दोन्हीकडे सारखा येतो तो भाग बहुधा पाती फुटण्याआधीचा, म्हणजे जुना. एकाच पातीत येणारं ‘सोन्याची तलवार’, ‘हत्तीवरून वरात’ वगैरे नंतर चढलेलं असण्याची शक्यता जास्त. मग नेमका दावा काय आहे ते पाहायचं: राजाच्या पोटचा वंश, राजघराण्याशी सोयरीक, राजाची चाकरी, की नुसतं आडनाव सारखं? या चार गोष्टी तीन-चार पिढ्यांत एकमेकींत मिसळून जातात. जुन्या कागदात ‘निसबत होळकर’ असेल तर तो माणूस होळकरांच्या पदरी होता एवढंच कळतं, पण नातवंडांच्या तोंडी त्याचं ‘आम्ही होळकरांचे’ होतं.

त्यानंतर पिढ्यांचा हिशोब. एका पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षं धरतात. ‘मूळ पुरुष शिवकाळातला, आम्ही सातवी पिढी’ असं कोणी सांगितलं, तर साडेतीनशे वर्षांत सात पिढ्या, म्हणजे पिढीला पन्नास वर्षं झाली. एखाद्या पिढीत हे घडेल, सलग सात पिढ्यांत घडणार नाही. मधल्या पाच-सहा पिढ्या गळाल्या आहेत हे उघड आहे. त्या गळतात याचं मोठं कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत. संताजीचा तुकोजी, तुकोजीचा संताजी, त्याचा पुन्हा तुकोजी: शंभर वर्षांनी आठवणीत एकच संताजी आणि एकच तुकोजी उरतात.

आता गणिताकडे. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. १६३० च्या सुमारास जन्मलेल्या माणसापासून आजच्या तरुणापर्यंत साधारण तेरा पिढ्या होतात आणि तेराव्या पिढीत पूर्वजांच्या जागा भरतात ८,१९२. तीस पिढ्या, म्हणजे यादवकाळापर्यंत मागे गेलं की हा आकडा १०७ कोटींच्या वर जातो. तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्या याच्या निम्मीसुद्धा नव्हती. म्हणजे तीच माणसं वंशवृक्षात पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडे हे लवकर सुरू होतं, कारण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा जोडप्याच्या मुलांना पणजी-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात.

येल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ मध्ये याचं सूत्र मांडलं. दहा लाखांच्या गटात लग्नं कशीही जुळत असतील, तर सुमारे वीस पिढ्यांमागे सगळ्यांचा एक तरी सामाईक पूर्वज सापडतो. सुमारे पस्तीस पिढ्यांमागचा कोणताही माणूस मग एकतर आजच्या सगळ्यांचा पूर्वज असतो, नाहीतर कोणाचाच नसतो. पस्तीस पिढ्या म्हणजे ढोबळमानाने हजार वर्षं. प्रत्यक्षात लग्नं कशीही जुळत नाहीत, जात, पोटजात आणि पंचक्रोशी पाहून जुळतात, त्यामुळे खरा काळ लांबतो. तरी एका जातीच्या आत हे गणित बरंच लागू पडतं. यादव राजाचा वंश आज चालू असेल, तर तो एका-दोन घरांत जपलेला नसून हजारो घरांत पसरलेला असणार. वंशज असणं दुर्मीळ नाही. नावानिशी, कागदानिशी जोडलेली साखळी दुर्मीळ आहे.

त्या ८,१९२ वाटांपैकी आडनावाची वाट एकच. बाकी प्रत्येक वाटेवर कुठे ना कुठे एखादी लेक आहे, आणि तिथेच आपल्या कहाण्या थांबतात. पांडवलेण्यांत याचा दगडावर कोरलेला पुरावा आहे. तिसऱ्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, क्षहरात हा शत्रू राजवंश निःशेष करणारा म्हणून वर्णन आहे. तिथून थोडंच पुढे, दहाव्या लेण्यात, क्षहरात राजा नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने खोली दान दिल्याचा लेख आहे. तिच्या नवऱ्याचं, उषवदाताचं नावही तिथे आहे. गादी गेली, पुरुषांची ओळ तुटली, तरी मुलींच्या मुलांतून रक्ताचं नातं पुढे जाऊ शकतं. त्याची नोंद मात्र कुठल्याही वंशावळीत राहत नाही.

कागदांच्या बाबतीत नाशिककरांचं भाग्य मोठं आहे. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. जाताना आडनाव, जात आणि मूळ गाव घेऊन जावं. हल्ली राहतो ते गाव सांगून उपयोग नाही, वह्या मूळ गावावर लावलेल्या असतात. नोंदीत बाप, आजा, भाऊ, मुलगे, आल्याची मिती आणि बऱ्याचदा आलेल्या माणसाचं स्वतःचं अक्षर सापडतं. बायकांची नावं कमी, माहेर तर क्वचितच. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे आडनाव चुकीचं वाचलं जाण्याचा धोका कायम असतो. शेजारच्या दोन-तीन नोंदींतलं त्याच माणसाचं वळण ताडून मगच वाचन पक्कं करावं.

मितीत फार जण फसतात. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. पेशवाईतला शुहूर सन मृगापासून बदलतो, म्हणून जून ते डिसेंबर ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. पानिपताची लढाई शके १६८२ च्या पौषात, शुहूर सन ११६१ मध्ये झाली. दोन्हीकडून १७६१ येतं. स्वतःच्या कागदावर हात घालण्याआधी हे उदाहरण करून पाहावं.

गावपातळीवर जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, वारसांचा ६ क आणि शाळेचं जनरल रजिस्टर यांतून विसाव्या शतकातल्या पिढ्या जोडता येतात. वतनाच्या दाव्यातली वंशावळ मात्र जपून वापरावी. तिच्यावर जमीन अवलंबून असे, आणि जमिनीसाठी एखादा चुलता वगळणं किंवा दोन पिढ्या सरळ रेषेत जोडणं नवं नव्हतं.

दत्तकाचा प्रश्न राजघराण्यांत हमखास येतो. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीला दत्तक गेले आणि सयाजीराव तिसरे झाले. ते गायकवाडांच्याच एका शाखेतले होते. दत्तक असा भाऊबंदांतून घेतला असेल तर पुरुषांची ओळ टिकते, मुलीच्या किंवा बहिणीच्या मुलाला घेतलं तर गादीचं नाव चालतं आणि ओळ तुटते. वंशावळीत दोन्ही सारखंच दिसतं.

‘डीएनएने लागेल छडा’ ही आशा अर्धीच खरी आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, त्यामुळे दोन पाती एका मूळ पुरुषाच्या आहेत का हे चांगलं कळतं. दोन्ही पातींतल्या, नात्याने जितक्या लांबच्या तितक्या चांगल्या, दोन पुरुषांचे नमुने द्यावेत. सख्ख्या भावांचे दिले तर पैसे वाया जातात. पण ‘राजाशी’ जुळतं म्हणायला राजाच्या निर्विवाद वंशातला नमुना हवा, आणि तो सहसा नसतोच. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला सापडला. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बहिणीच्या वंशाशी जुळला, पण कागदावर एकाच ओळीतल्या पुरुषांशी वाय जुळलं नाही. पिढीमागे एक टक्का वेळा कागदावरचा बाप वेगळा धरला, तरी तेरा पिढ्यांत ओळ एकदा तरी तुटलेली असण्याची शक्यता बारा टक्के होते.

उरलेला डीएनए दर पिढीत तुकड्यातुकड्यांनी वाटला जातो. दहाव्या पिढीतल्या १,०२४ पूर्वजांपैकी निम्म्याहून अधिकांचा एकही तुकडा आपल्यात नसतो, आणि तेराव्या पिढीत दहातल्या सुमारे नवांचा नसतो. पूर्वज खरा असूनही चाचणीत त्याचा मागमूस नसणं यात काहीच वावगं नाही. उलट शेकडो वर्षं जातीतच लग्नं झाल्यामुळे परक्या माणसाशीही बारीक तुकडे जुळतात आणि कंपनीचा अहवाल त्याला ‘चौथ्या पिढीतला चुलतभाऊ’ ठरवतो. म्हणून एकूण बेरीज न पाहता सर्वांत लांब तुकडा पाहावा. तो वीस सेंटीमॉर्गनच्या (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजण्याचं एकक) आत असेल तर जवळचं नातं धरू नये. वाय गटाचं (वाय गुणसूत्राच्या प्रकाराचं) नाव पाहून ‘क्षत्रिय रक्त’ सांगणाऱ्यावर मुळीच विश्वास ठेवू नये, एकच गट अनेक जातींत आणि अनेक देशांत सापडतो.

चाचणीआधी एक काम मात्र लगेच करता येतं. वंशावळ लिहिताना प्रत्येक सुनेचं माहेरचं आडनाव आणि गाव, आणि प्रत्येक लेकीचं सासर, आजी-पणजींना विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावं. रामकुंडावर वहीत नवी नोंद करताना हीच नावं उपाध्यायांना सांगून घालता येतात.