जॉर्जियाचा सहावा काँग्रेस मतदारसंघ

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर जॉर्जिया राज्यातून जे १४ सदस्य निवडून जातात, त्यांपैकी एकाचा हा मतदारसंघ. (इथे 'काँग्रेस' म्हणजे अमेरिकेची संसद, पक्ष नव्हे.) गेली तीस-पस्तीस वर्षे तो अटलांटा शहराभोवतीच्या उपनगरांत आहे. २०२० च्या जनगणनेनंतर राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या सुमारे ७ लाख ६५ हजार ठरली.

आपल्याकडे बारामती किंवा मावळ म्हटले की कुठला मुलूख ते कळते. अमेरिकेत मतदारसंघाला नाव नसते, नुसता आकडा असतो, आणि हा आकडा नकाशावर कुठेही उचलून ठेवता येतो. सहाव्याच्या बाबतीत तो इतक्यांदा उचलला गेला आहे की त्याचा इतिहास लिहिताना 'आधीचा सहावा', 'नंतरचा सहावा' असेच बोलावे लागते. रेघा ओढण्याचे काम आपल्यासारख्या परिसीमन आयोगाकडे नाही. जॉर्जियात ते थेट विधिमंडळ करते, म्हणजे ज्या पक्षाचे बहुमत त्याच्या हातात पेन्सिल.

१९३३ ते १९६५ या काळात सहाव्याचे प्रतिनिधी होते कार्ल विन्सन. प्रतिनिधिगृहात ते एकूण पन्नास वर्षे होते आणि अमेरिकेच्या आरमाराच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ओसामा बिन लादेनचे दफन ज्या युद्धनौकेवरून झाले, तिला त्यांचेच नाव आहे. तेव्हाचा सहावा हा मध्य जॉर्जियातला ग्रामीण आणि पक्का डेमोक्रॅटिक मतदारसंघ होता. पुढे तो अटलांटाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकला. तिथे वेस्ट जॉर्जिया कॉलेजात इतिहास शिकवणारे न्यूट गिंग्रिच १९७४ आणि १९७६ मध्ये जॅक फ्लिंट यांच्याकडून हरले. १९७८ मध्ये फ्लिंट निवृत्त झाले आणि गिंग्रिच रिपब्लिकन म्हणून निवडून आले. १९९० मध्ये मात्र ते अवघ्या ९७४ मतांनी तरले.

पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाने नवा नकाशा केला. विधानसभेचे सभापती टॉम मर्फी आणि गिंग्रिच यांचे मुळीच पटत नसे. गिंग्रिच यांचा जुना मतदारसंघ फोडून शेजाऱ्यांत वाटला गेला आणि सहा हा आकडा अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांवर चिकटवला गेला. गिंग्रिच बिऱ्हाड उचलून तिकडे गेले. १९९२ ची पक्षांतर्गत निवडणूक ते ९८० मतांनी कसेबसे जिंकले. पण त्यानंतर त्यांना बूड हलवायची गरज पडली नाही, कारण नव्या मतदारसंघासारखा सुरक्षित रिपब्लिकन मतदारसंघ शोधून सापडला नसता. ज्याला संपवायचे होते त्याला मर्फींनी बालेकिल्लाच बांधून दिला. जानेवारी १९९५ मध्ये गिंग्रिच प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले.

उत्तरेची उपनगरे

हा मुलूख म्हणजे पूर्व कॉब, उत्तर फुल्टन आणि पुढे उत्तर डीकॅल्ब काउंटीचा भाग. (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा.) पाइनच्या झाडीतले टुमदार बंगले, चांगल्या सरकारी शाळा आणि गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येणार नाही अशी रस्त्यांची रचना. कॉब काउंटीतल्या मॅरिएटा गावात एका चिकनच्या दुकानावर ५६ फूट उंचीची लोखंडी कोंबडी आहे. तिची चोच आणि डोळे हलतात. आपल्याकडे मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळायला सांगतात, तसे इथे लोक या कोंबडीपासून वळायला सांगतात.

शहरापासून अंतर राखण्याची इथली वृत्ती राजकारणातही दिसते. १९६५ मध्ये कॉबच्या मतदारांनी अटलांटाच्या 'मार्टा' या सार्वजनिक वाहतूक व्यवस्थेत सामील व्हायला नकार दिला. त्यामागे काळ्या वस्तीविषयीची भीती होती हे आता कोणी फारसे नाकारत नाही. फुल्टन काउंटीत आपला कर दुसरीकडे खर्च होतो अशी ओरड होती. त्यातून २००५ मध्ये सँडी स्प्रिंग्ज हे स्वतंत्र शहर झाले. मागोमाग जॉन्स क्रीक, मिल्टन आणि डनवुडी यांनीही वेगळी चूल मांडली. असा मतदार कमी कर मागणाऱ्या पक्षाकडे जाणार हे उघड होते. गिंग्रिच यांच्यानंतर १९९९ मध्ये जॉनी आयझॅकसन आणि २००४ मध्ये अस्थिशल्यविशारद टॉम प्राइस निवडून आले.

दरम्यान वस्ती बदलत होती. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे अल्फारेटा, जॉन्स क्रीक या भागांत भारतीय, चिनी आणि कोरियन कुटुंबे मोठ्या संख्येने आली. अटलांटातल्या मराठी कुटुंबांपैकीही बरीच याच पट्ट्यात राहतात. पदवीधरांच्या प्रमाणात हा मतदारसंघ देशातल्या अगदी वरच्या मतदारसंघांत गणला जाऊ लागला. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांना इथे ओबामांपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त मते मिळाली होती. चार वर्षांनी डोनाल्ड ट्रम्प यांची आघाडी होती जेमतेम दीड टक्का. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी प्राइस यांना ६१ टक्क्यांवर मते दिली. म्हणजे राग पक्षावर नव्हता, माणसावर होता.

२०१७ ची पोटनिवडणूक

ट्रम्प यांनी प्राइस यांना आरोग्यमंत्री केले आणि जागा रिकामी झाली. (सरकारी खर्चाने खासगी विमानांतून फिरल्याच्या वादात प्राइस यांनी त्याच सप्टेंबरात मंत्रिपदही सोडले.) १८ एप्रिलला सर्व पक्षांचे मिळून १८ उमेदवार एकाच मतपत्रिकेवर होते. निम्म्याहून अधिक मते कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी, असा जॉर्जियाचा नियम. तीस वर्षांचे डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ ४८.१ टक्क्यांवर अडकले. हे दोन टक्के त्यांना महागात पडले.

दुसऱ्या फेरीपर्यंतच्या दोन महिन्यांत देशभरातून पैसा ओतला गेला. सगळा खर्च मिळून पाच कोटी डॉलरच्या वर गेला आणि प्रतिनिधिगृहाची तोवरची सर्वांत महाग निवडणूक अशी तिची नोंद झाली. ऑसॉफ मतदारसंघाच्या हद्दीबाहेर राहतात, त्यांना स्वतःलाच मत देता येणार नाही, हा मुद्दा विरोधकांनी पुरेपूर वापरला. २० जूनला राज्याच्या माजी सचिव कॅरन हँडल ५१.८ टक्के मतांनी जिंकल्या. जॉर्जियातून काँग्रेसवर गेलेल्या त्या पहिल्या रिपब्लिकन महिला.

विजय टिकला दीड वर्ष. २०१८ मध्ये लूसी मॅकबाथ यांनी हँडल यांना तीन हजारांवर मतांनी हरवले. विमान कंपनीत हवाईसेविका असलेल्या मॅकबाथ यांचा सतरा वर्षांचा मुलगा २०१२ मध्ये फ्लोरिडात पेट्रोल पंपावर मोठ्या आवाजातल्या गाण्यांवरून झालेल्या वादात गोळी लागून मेला. बंदूक नियंत्रणाच्या चळवळीतून त्या राजकारणात आल्या. २०२० मध्ये याच दोघींच्या लढतीत मॅकबाथ यांची आघाडी नऊ टक्क्यांवर गेली. ऑसॉफ यांनीही पुढे सेनेटची जागा जिंकली.

२०२१ मध्ये पेन्सिल रिपब्लिकनांच्या हातात होती. त्यांनी मर्फींचाच धडा गिरवला. सहावा उत्तरेला डोंगराळ डॉसन काउंटीपर्यंत ताणला आणि अख्खी फोर्साइथ काउंटी आत घेतली. फोर्साइथमधून १९१२ मध्ये हजारावर काळ्या रहिवाशांना हाकलून दिले होते आणि पुढची पाऊणशे वर्षे ती जवळजवळ पूर्ण गोरी राहिली. आज तिथे दर सहा जणांमागे एक तरी आशियाई आहे, तरी एकगठ्ठा मते रिपब्लिकनांनाच पडतात. मॅकबाथ शेजारच्या सातव्यात गेल्या. तिथे स्वपक्षाच्याच विद्यमान सदस्य कॅरोलिन बोर्डो यांना हरवून निवडून आल्या. सहाव्यातून आले डॉक्टर रिच मॅककॉर्मिक.

ऑक्टोबर २०२३ मध्ये संघीय न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी हा नकाशा मतदान हक्क कायद्याच्या विरोधात ठरवला आणि अटलांटाच्या पश्चिमेला काळ्यांचे बहुमत असलेला आणखी एक मतदारसंघ करायला सांगितले. विधिमंडळाने तो केला आणि त्याला आकडा दिला सहा. मॅकबाथ यांचा सातवा त्यात मोडीत निघाला; तो आकडा मॅककॉर्मिक यांच्या उत्तरेकडच्या मुलखाला मिळाला. न्यायालयाने नकाशा मान्य केला, पण राज्यातले नऊ-पाच हे रिपब्लिकन पारडे तसेच राहिले. २०२४ मध्ये मॅकबाथ नव्या सहाव्यातून सुमारे तीन चतुर्थांश मतांनी निवडून आल्या. कॉबचा दक्षिण भाग, डग्लस, दक्षिण फुल्टन आणि फेएटचा काही भाग मिळून झालेला हा सहावा अटलांटाच्या पश्चिम-दक्षिण अंगाला आहे, म्हणजे साधारण त्याच बाजूला जिथून १९७८ मध्ये गिंग्रिच पहिल्यांदा निवडून आले होते.