शेवाळाखालचा कोळी

टॅरंटुला म्हटले की तळहाताएवढा केसाळ कोळी डोळ्यांसमोर येतो. तो ज्या ‘मायगॅलोमॉर्फ’ गटातला, त्याच गटातला एक कोळी अमेरिकेतील दक्षिण अ‍ॅपलाचियन पर्वतांच्या माथ्यावर राहतो आणि पूर्ण वाढ झाल्यावरही २.५ ते ३.८ मिलिमीटरच भरतो, म्हणजे साबुदाण्याच्या एका दाण्याएवढा. त्याचे शास्त्रीय नाव मायक्रोहेक्झुरा मोंटिवागा. नॉर्थ कॅरोलायनातील माउंट मिचेल या २,०३७ मीटर उंचीच्या शिखरावर तो सापडला आणि १९२५ मध्ये क्रॉस्बी व बिशप यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

आकार फसवा असला तरी घराणे लपत नाही. आपल्या घरातल्या कोळ्यांचे विषदंत चिमट्यासारखे समोरासमोर येतात, तर मायगॅलोमॉर्फांचे कुदळीच्या घावासारखे वरून खाली उतरतात. शिवाय त्यांच्या पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. हा गट फार जुना आहे. फ्रान्समध्ये मिळालेला त्यांच्यापैकी एकाचा जीवाश्म सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आपला हा बुटका मात्र बराच काळ दुसऱ्याच कुळात गणला जात होता. जनुकीय अभ्यासानंतर २०२० मध्ये त्याला मायक्रोहेक्झुरिडी हे स्वतंत्र कूळ मिळाले. या कुळात अवघ्या दोन जाती आहेत आणि दुसरी जात तब्बल तीन हजार किलोमीटरच्या आसपास दूर, आयडाहो, ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांच्या जंगलांत आढळते.

अ‍ॅपलाचियनमधील जात साधारण १,६५० मीटरच्या वरच, फर आणि स्प्रूस वृक्षांच्या सावलीत, बहुधा उत्तरेकडे तोंड असलेल्या खडकांवर आढळते. हिमयुगात ही थंड जंगले खालच्या उतारांपर्यंत पसरली होती. हवा उबदार होत गेली तशी ती वर सरकली आणि शेवटी शिखराशिखरावर बेटांसारखी उरली. खडकावरच्या शेवाळाची चादर अलगद उचलली, तर शेवाळ आणि दगड यांच्यामधल्या फटीत त्याच्या जाळ्याच्या चपट्या नळ्या दिसतात. मादी एका कोशात जेमतेम सात ते नऊ अंडी घालते आणि पिल्लांना प्रौढ व्हायला तीनेक वर्षे लागतात. इतकी सावकाश वाढणारी जात एकदा घटली की सहज सावरत नाही.

शेवाळ फार सुकले तर कोळी मरतो. फार चिंब झाले, तरी थेंबांमुळे त्याची पंचाईत होते. हा ओलावा टिकतो तो वरच्या फ्रेझर फर वृक्षाच्या छायेमुळे, आणि घाव पडला तो नेमका तिथेच. युरोपातून आलेला, आपल्या माव्याचा भाऊबंद म्हणावा असा, पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेला एक रसशोषक कीटक १९५७ मध्ये माउंट मिचेलवर आढळला. पुढे बहुतेक मोठी फर झाडे त्याने वाळवली, माथे उघडे पडले आणि ऊन थेट शेवाळावर आले. (गंमत म्हणजे हाच वृक्ष अमेरिकेत नाताळासाठी मळ्यांतून आवर्जून लावला जातो.) १९९५ मध्ये या कोळ्याची नोंद अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत झाली.

त्याची मोजणीही जोखमीचीच. शेवाळ उचलल्याशिवाय कोळी दिसत नाही आणि उचलताना ते फाटले तर त्याचे घरच मोडते. म्हणून पाहणी करणारा चादरीचा लहानसाच तुकडा वर करतो, भिंगातून न्याहाळतो आणि तो होता तसा खडकावर परत बसवतो.