दुकानात चोरीचा आळ आला तर: शिक्षा, बचाव आणि मोफत वकिलासाठी अर्ज

सांगलीत मारुती रोडवरचं दुकान असो की विश्रामबागचं सुपरमार्केट, चोरीचा आळ आला की माणूस घाबरून समोर येईल त्या कागदावर सही करतो. ती सही करू नका. आधी वस्तूची किंमत बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत (गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्यात) बरंच काही त्यावर ठरतं.

कलम ३०३(२) प्रमाणे चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास १ ते ५ वर्षं सक्तमजुरी आणि दंड. मात्र वस्तू ५,००० रुपयांहून कमी किमतीची असेल, पहिल्यांदाच दोषी ठरला असाल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. ५,००० च्या आतली अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. दुकान म्हणजे माल ठेवण्याची इमारत असं धरून कलम ३०५ लावलं, तर मात्र ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामुळे एफआयआरमधलं कलम वकिलाला नक्की दाखवा.

सिक्युरिटी गार्डलाही मर्यादा आहे. खासगी व्यक्ती पकडू शकते ती समोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यातच, आणि ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. खोलीत कोंडणं, ‘दहापट भर, नाहीतर केस करतो’ म्हणून पैसे उकळणं हे स्वतंत्र गुन्हे आहेत. बदनामीच्या भीतीनं लोक हे सोसतात, याचं फार वाईट वाटतं.

बचावाचा गाभा हेतूत आहे. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाल्याशिवाय चोरी ठरत नाही. कडेवर मूल, हातात पिशव्या, त्यात एखादी वस्तू बिलात राहून जाणं ही चोरी नव्हे. बिल, यूपीआयची नोंद जपा आणि सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवायला लगेच लेखी कळवा. ३०३(२) चा गुन्हा मालकाशी तडजोडीनं मिटवताही येतो.

मोफत वकिलासाठी विजयनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातील समितीकडे अर्ज करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. इतरांना वार्षिक ३ लाखांची मर्यादा. सोबत आधार कार्ड, एफआयआर किंवा नोटिशीची प्रत, आणि लागू असेल तसा जातीचा किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला न्या. आधी फोनवर विचारायचं असेल तर हेल्पलाइन १५१००.