तुमचं मूल, चेंडू आणि शनिवारची मॅच
आमच्या फुटबॉल वर्गाचं पालकांसाठी माहितीपत्रक (विश्रामबाग, सांगली)

पालकहो,

नाव घालायला येणारं प्रत्येक दुसरं मूल पाठीवर १० किंवा ७ नंबर मिरवत येतं. मेस्सी नाहीतर रोनाल्डो. आता एमबापेही दिसायला लागलाय. म्हणजे आमच्याकडे यायच्या आधीच ते कुणाचं तरी चाहतं झालेलं असतं, आणि आम्हाला ते आवडतं. अडचण एवढीच की त्यानं बघितलेला फुटबॉल बहुतेक मोबाईलवरचा, तीस-तीस सेकंदांचा असतो. त्यात गोल असतो, गोलाआधीची पाच मिनिटं नसतात. मग मैदानात चेंडू मिळाला की पोरगं तिघांना डॉज मारायला जातं, चौथा चेंडू काढून घेतो आणि हे कमरेवर हात ठेवून उभं. आता धावत मागं यायचं असतं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून आमच्याकडे दोन गोष्टी जोडीनं चालतात. आठवड्यातून चार दिवस सकाळी खेळायचं आणि शनिवारी संध्याकाळी एक मॅच बसून बघायची. मॅचचे पैसे घेत नाही, पण तिला दांडीही चालत नाही.

शनिवारी काय करतो

प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग. तिच्यातली शनिवारची पहिली मॅच इंग्लंडात दुपारी साडेबाराला सुरू होते. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ५ वाजलेले असतात. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागं गेली की ६. मुलं जेवायच्या वेळेला घरी पोचतात, म्हणून हीच मॅच आम्हाला सोयीची.

आल्या आल्या प्रत्येकाला कागद, पेन्सिल आणि एका खेळाडूचं नाव मिळतं. पहिली २० मिनिटं चेंडू कुठंही असो, नजर त्या खेळाडूवरच. तो पडद्याबाहेर गेला, तर परत कुठून आला ते लिहायचं. सुरुवातीला सगळे कुरकुरतात. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलाच्या वाट्याला राईट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू आला. ‘सर, हा काहीच करत नाही,’ म्हणाला. मी म्हटलं, मग तो मान किती वेळा मागं वळवतो तेवढंच मोज. त्यानं चार-चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी असं मोजायला सुरुवात केली. हाफटाइमपर्यंत कागदाची एक बाजू भरली होती. सोमवारी मैदानात हा गडी स्वतःच इतक्यांदा मागं बघायला लागला की चेंडू त्याच्या दोन पायांतून निघून गेला. सगळे हसले, तोही हसला. पण महिनाभरात चेंडू पायात यायच्या आधी आपल्या पाठीशी कोण आहे, हे त्याला कळायला लागलं. बार्सिलोनाच्या मधल्या फळीतला झावी याच सवयीसाठी ओळखला जायचा. ही सवय कुठल्याही रीलमध्ये दिसत नाही, कारण चेंडू तेव्हा दुसरीकडे असतो.

मेस्सी प्रीमियर लीगमध्ये नाही, पण त्याची एखादी मॅच लावली की तो वाट्याला येणाऱ्या मुलाला वेगळाच धक्का बसतो. मेस्सी बराच वेळ चालतच असतो! चालता चालता कुठं मोकळी जागा आहे ते बघतो. ‘मग आम्ही चाललो तर का ओरडता?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर असं की त्यानं आधी शाळकरी वयात रोज धावून दाखवलंय.

चॅम्पियन्स लीगबद्दल, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेबद्दल, एक विनंती. त्यातल्या बहुतेक मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला, हिवाळ्यात दीडला सुरू होतात, आणि त्या बहुतेक मंगळवार-बुधवारच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डोळे चोळत आलेलं मूल आम्ही लगेच ओळखतो. शाळा असताना त्या मॅच बघू देऊ नका. सकाळी स्कोअर सांगायचं काम आम्ही करतो.

टीव्हीवरचा चाहता कधीतरी मैदानावरही गेला पाहिजे. जून २०१८ मध्ये मुंबईत भारत-चायनीज तैपेई सामन्यात भारतानं ५-० नं मॅच मारली, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली, आणि बघायला माणसं होती २,५६९. छेत्रीनं व्हिडिओ करून लोकांना हात जोडले: शिव्या घाला, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. त्या मॅचनंतर तीन दिवसांनी केनियाविरुद्धच्या त्याच्या १०० व्या सामन्याला स्टेडियम भरलं होतं. आपल्याला तर मुंबई गाठायचीही गरज नाही. कोल्हापूर तासा-दीड तासावर आहे. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि अख्ख्या पेठा मागं उभ्या राहतात. आम्ही हंगामात एकदा मुलांना घेऊन जातो. टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किक बघायला मिळाल्या तर नशीब. गॅलरीतली भाषा पोरांच्या कानावर पडते, त्याला मात्र आमच्याकडे इलाज नाही.

मैदानावर

पहिल्या वर्षी आम्ही एक चूक केली. नऊ वर्षांच्या मुलांना मोठ्या मैदानावर अकरा-अकरा खेळवलं. पालक खूश, फोटो झकास. पण आमचा गोली दुसऱ्या हाफमध्ये खाली बसून गवत उपटत होता, आणि लेफ्ट विंगला उभी केलेली मुलगी घरी जाऊन म्हणाली की आज मला चेंडू लागलाच नाही. हिशेब सोपा आहे. ६० मिनिटांच्या मॅचमध्ये एक चेंडू २२ जणांत सारखा वाटला तरी एकाच्या वाट्याला पावणेतीन मिनिटं. तोच चार विरुद्ध चार खेळवला तर साडेसात. तेव्हापासून १२ वर्षांखालची मुलं आमच्याकडे लहान मैदानात, लहान गोलांवर खेळतात. ‘खरी मॅच कधी?’ असं विचारू नका. हीच खरी.

चेंडू घेताना शाळेच्या गणवेशासारखा वाढत्या अंगाचा घेऊ नका. ८ वर्षांपर्यंत ३ नंबर, ८ ते १२ पर्यंत ४ नंबर, त्यापुढे ५ नंबर. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. छोट्या पावलानं तो मारताना मूल पायाच्या चवड्यानं ढकलायला शिकतं, आणि ती खोड काढायला वर्ष जातं. बुटांचंही तसंच: एक नंबर मोठे घेतलेत तर पाय आत सरकतो, फोड येतात. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते, तेव्हा लांब स्टडपेक्षा छोट्या गुट्ट्यांचे टर्फ शूज बरे. नडगी वाचवणारे शिनगार्ड मात्र पहिल्या आठवड्यापासून लागतात, त्यात सूट नाही.

हेड मारणं, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, आम्ही १२ वर्षांपर्यंत शिकवत नाही. अमेरिकेत १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेड मारायला २०१५ मध्येच बंदी केली. इंग्लंडनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकलं. चेंडू उडून आलाच तर छातीवर घ्यायचा नाहीतर खाली पडू द्यायचा.

‘उंची कमी आहे, चालेल का?’ चालेल. मेस्सीला लहानपणी वाढीच्या संप्रेरकाची कमतरता होती, तेराव्या वर्षी तो बार्सिलोनात आला. २०१८ चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकणारा क्रोएशियाचा मॉड्रिच १७२ सेंटिमीटरचा आहे.

‘पुढं काय?’ २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भारत फिफाच्या विश्वचषकात पहिल्यांदाच खेळला, आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. इतक्या जवळून कुणी तिथं पोचतं, हे मुलांना आम्ही सांगतो. पण तुमच्याशी खरं बोलायचं तर आमच्याकडची बहुतेक मुलं शाळेच्या, फार तर कॉलेजच्या संघापर्यंत जातील. त्याहून जास्तीचं कुणी प्रवेशाच्या वेळीच कबूल केलं, तर तिथं फी भरण्याआधी दोनदा विचार करा.

रेषेबाहेर उभं राहताना

टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, हरकत नाही. ‘मार! पास दे! मागं ये!’ हे मात्र नको. मुलाला तेव्हा आमचा, तुमचा आणि शेजारच्या काकांचा असे तीन आवाज ऐकू येतात आणि ते जागीच थांबतं. एकदा एक गृहस्थ थ्रो-इनवर (रेषेबाहेरून हातानं चेंडू आत टाकतात तो) ‘ऑफसाईड, ऑफसाईड’ (पास येताना समोरच्यांच्या बचावफळीच्या पुढं उभं असणं) म्हणून रेफ्रीवर धावून आले. त्यांची मुलगी खेळ सोडून रेषेपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, ‘पप्पा, थ्रो-इनला नसतं.’ गोल किकला आणि कॉर्नरलाही नसतं.

पाऊस, फी वगैरे

वेळ सकाळी ६ ते ७:३०, सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. रिमझिम असेल तर सराव होतो, चिखल धुवायची तयारी ठेवा. वीज कडाडली की लगेच बंद. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला गेली की उतरेपर्यंत सुट्टी. निम्मी मुलं नदीकडच्या गल्ल्यांतली आहेत आणि त्या दिवसांत घरात त्यांची गरज असते. त्या दिवसांची फी पुढच्या महिन्यात वळती करतो.

फी महिना ९०० रुपये, सख्ख्या भावंडांपैकी दुसऱ्याला निम्मी. मुलींना आणि मुलांना एकच वर्ग, एकच फी. पहिले तीन दिवस फुकट आहेत, त्यासाठी काही विकत आणू नका: साधे कॅनव्हास बूट, पाण्याची बाटली आणि एक केळं पुरे. केळं सराव संपल्यावर खायचं, आधी नाही.